'व्हाइल' : कालवाचक की संकेतवाचक?

१

संगणकाच्या आज्ञावलीचे प्राथमिक शिक्षण हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, अशी समजूत आपल्या विद्यापीठांतून सामान्यतः रूढ आहे. आज्ञावलीची भाषा कृत्रिम. तिचे व्याकरण मूठभर नियमांचे. तिच्यात संदिग्धतेला वाव नाही. मग तेथे भाषाभ्यासकाने काय करावयाचे? या युक्तिवादात एक गोष्ट दृष्टिआड होते. आज्ञावलीची भाषा कृत्रिम असली, तरी ती शिकणारा मनुष्य आणि ती शिकवणारा शिक्षक हे दोघेही नैसर्गिक भाषेतूनच विचार करतात. त्या कृत्रिम भाषेतील शब्दही कोणत्या तरी नैसर्गिक भाषेतून उसने घेतलेले असतात. उसन्या शब्दाबरोबर त्याचा मूळ अर्थही येतो, आणि शास्त्राने तो अर्थ बदलला असला तरी विद्यार्थ्याच्या मनात तो मागे रेंगाळत राहतो. प्रस्तुत लेखात अशा एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे 'व्हाइल'.

एखादी क्रिया पुनःपुन्हा करवून घेण्यासाठी आज्ञावलीत जी रचना योजतात तिला लूप म्हणतात. व्हाइल लूपचा विधी थोडक्यात असा : प्रथम अट तपासावी, ती खरी असल्यास लूपच्या पोटातील आज्ञा क्रमाने पार पाडाव्यात, शेवटची आज्ञा संपताच पुन्हा अटीपाशी यावे, अट खोटी आढळल्यास लूप सोडून पुढे जावे. फेऱ्या किती होतील हे आधी ठाऊक नसते तेथे ही रचना उपयोगी पडते. ठरावीक संख्येच्या फेऱ्यांसाठी 'फॉर' ही निराळी रचना आहे व ती नवशिक्याला त्या मानाने सुलभ जाते. अडचण उद्भवते ती व्हाइलपाशी.

मराठीतून शिकवताना या रचनेचा अर्थ 'जोपर्यंत अट खरी आहे, तोपर्यंत हे कर' असा सांगितला जातो. हा अर्थ अर्धाच बरोबर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 'जोपर्यंत–तोपर्यंत' ही जोडी कालवाचक आहे. व्हाइलचा व्यापार मात्र मूलतः संकेतवाचक आहे, म्हणजे 'जर–तर' या कुळातला आहे. हा भेद स्पष्ट न केल्यामुळे नवशिक्याकडून ज्या चुका होतात त्या तर्कशक्तीच्या उणिवेपोटी झाल्या असे मानले जाते. वस्तुतः त्यांपैकी पुष्कळशा मातृभाषेचे व्याकरण निष्ठेने पाळल्यामुळे झालेल्या असतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१–२२ या शैक्षणिक वर्षापासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकवण्यास अनुमती दिली. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. मराठी पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला 'व्हाइल'पुढे कोणता मराठी शब्द ठेवावा याचा निर्णय करावाच लागतो.

२

प्रथम मूळ इंग्रजी शब्दाकडे पाहू. 'व्हाइल' हे प्राचीन इंग्रजीत नाम होते व त्याचा अर्थ 'काळाचा तुकडा, अवधी' असा होता. जर्मन भाषेतील 'वाइले' हा त्याचाच सगोत्र शब्द. या नामापासून पुढे 'त्या अवधीत की ज्या अवधीत' अशा अर्थाचे उभयान्वयी अव्यय सिद्ध झाले. कालावधी हा या शब्दाचा गाभा होय. त्या गाभ्याची सीमाही सर्वत्र सारखी राहिलेली नाही. यॉर्कशरच्या बोलीत 'नऊ व्हाइल पाच' याचा अर्थ 'नऊपासून पाचपर्यंत' असा होतो; म्हणजे तेथे हा शब्द 'अन्टिल'चे काम करतो. अवधी दाखवणारा शब्द त्या अवधीचा शेवटही दाखवू लागतो, ही घटना अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. आपल्या 'पर्यंत'च्या संदर्भात तिचे महत्त्व पुढे दिसून येईल.

आज्ञावलीच्या भाषांत हा शब्द अल्गोल ६० च्या १९६० मधील अहवालात 'फॉर' रचनेचा एक पोटभाग म्हणून दिसतो. पुढे त्याला स्वतंत्र रचनेचा दर्जा मिळाला. १९६७ मध्ये मार्टिन रिचर्ड्स यांनी रचलेल्या बीसीपीएल या भाषेत 'व्हाइल' आणि 'अन्टिल' असे दोन्ही शब्द उपलब्ध होते. निकलाउस विर्ट यांच्या पास्कलमध्ये आरंभी अट तपासणारी 'व्हाइल' आणि शेवटी अट तपासणारी 'रिपीट–अन्टिल' अशी जोडी होती. पहिलीत अट खरी असता लूप चालू राहतो, दुसरीत अट खरी होता लूप थांबतो. डेनिस रिची यांच्या सी भाषेने मात्र 'अन्टिल' टाकून दिले. अट शेवटी तपासणाऱ्या लूपलाही तिने 'डू–व्हाइल' असेच नाव दिले. पुढे जावा व पायथन या भाषांनी हाच मार्ग अनुसरला, आणि पायथनने तर शेवटी अट तपासणारी रचनाही ठेवली नाही. परिणाम असा झाला की आज आपल्या महाविद्यालयांतून शिकवल्या जाणाऱ्या प्रमुख भाषांत थांबण्याची अट सांगण्याची सोय उरलेली नाही. चालू राहण्याची अटच सांगावी लागते. बोलताना मात्र मनुष्य बहुधा थांबण्याची अट सांगतो. या विसंगतीचे मूळ भाषेच्या रचनाकारांच्या निवडीत आहे, विद्यार्थ्याच्या बुद्धीत नाही.

३

आता मराठीकडे वळू. 'जोपर्यंत' या शब्दात तीन निरनिराळ्या अडचणी गुंतलेल्या आहेत. त्या वेगळ्या करून पाहिल्याखेरीज त्यांचे निराकरण होणार नाही.

पहिली अडचण अवधीची. पुढील आज्ञावली पाहा.

शिल्लक १५० आहे.
जोपर्यंत शिल्लक १०० पेक्षा अधिक आहे, तोपर्यंत :
    शिल्लकेतून ८० वजा कर.
    शिल्लक लिही.

मराठी वाक्य म्हणून याचा अर्थ लावल्यास, वजाबाकी होताच शिल्लक ७० झाली, 'अधिक आहे' ही स्थिती संपली, अवधी संपला. म्हणून लिहिण्याची आज्ञा पाळली जाऊ नये. नवशिका विद्यार्थी नेमके हेच उत्तर देतो : 'काहीच लिहिले जाणार नाही.' संगणक मात्र ७० लिहितो. कारण वजाबाकीनंतर अटीकडे कोणी पाहिलेलेच नाही. ती पाहिली जाईल ती पोटातील सर्व आज्ञा संपवून वर परत गेल्यावर. अट ही रस्त्यावरील तपासणी नाक्यासारखी आहे. वाहन नाक्यावर आले म्हणजे तपासले जाते. दोन नाक्यांमधल्या वाटेवर त्यात काय घडले याची नाक्याला वार्ता नसते. हा भेद एका वाक्यात असा मांडता येईल : लूप संपतो तो अट खोटी 'होते' तेव्हा नव्हे, तर अट खोटी 'आढळते' तेव्हा. 'जोपर्यंत' हा शब्द 'होण्या'चा वाचक आहे, आणि संगणकाचा व्यापार 'आढळण्या'चा आहे.

दुसरी अडचण होकार–नकाराची. मराठीत '-पर्यंत' हा शब्दयोगी शब्द क्रियापदाच्या रूपाला जोडून येतो, आणि त्याचा अर्थ त्या क्रियापदाच्या जातीवर अवलंबून राहतो. 'डब्यात साखर असेपर्यंत चहा कर' आणि 'डब्यातील साखर संपेपर्यंत चहा कर' ही दोन वाक्ये घ्यावीत. आज्ञा एकच, कृती एकच, परिणामही एकच. परंतु 'असणे' हे स्थितिवाचक क्रियापद असल्याने पहिल्या वाक्यात चालू राहण्याची अट सांगितली आहे, आणि 'संपणे' हे घटनावाचक असल्याने दुसऱ्यात थांबण्याची. प्रत्यय दोहोंकडे तोच असल्यामुळे बोलणाऱ्याला या फरकाची जाणीवच नसते, आणि एरवी ती असण्याचे कारणही नसते. परंतु हेच वाक्य आज्ञावलीत उतरवताना 'असेपर्यंत'मधील अट जशीच्या तशी लिहावी लागते, तर 'संपेपर्यंत'मधील अट उलटवून लिहावी लागते. '९९९९९ ही संख्या येईपर्यंत वाचत राहा' हे ऐकून विद्यार्थी 'व्हाइल संख्या बरोबर ९९९९९' असे लिहितो आणि लूप एकदाही चालत नाही, तेव्हा त्याने ऐकलेल्या वाक्याचे शब्दशः रूपांतर केलेले असते. चूक आहे ती त्या दोन भाषांमधील पूल न दाखवणाऱ्याची.

हा पूल मराठीतच आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. 'संख्या येईपर्यंत' याचाच पर्याय म्हणून मराठीत 'जोपर्यंत संख्या येत नाही, तोपर्यंत' असे सहज म्हटले जाते. इंग्रजीत 'अन्टिल'च्या वाक्यात असा नकार येत नाही. मराठीतील हा 'नाही' अनवधानाने आलेला नसून अर्थाला धरून आहे : थांबवणारी घटना घडलेली नाही, ही स्थिती जितका काळ टिकेल तितका काळ क्रिया चालू राहील. व्हाइलला लागणारी उलटलेली अट ती हीच. म्हणजे इंग्रजीतून शिकणाऱ्याला जो नकार तर्काने घालावा लागतो, तो मराठी बोलणाऱ्याच्या जिभेवर आधीच आहे. आपली पाठ्यपुस्तके या सोयीचा उपयोग करून घेत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

तिसरी अडचण नकाराच्या व्याप्तीची. '१ किंवा २ असे उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा' ही साधी आज्ञा आहे. तिचे 'जोपर्यंत उत्तर १ किंवा २ नाही' असे रूपांतर केले की 'नाही' हा शब्द 'किंवा'च्या दोन्ही बाजूंना लागतो की केवळ दुसऱ्या बाजूला, हे वाक्यावरून निश्चित होत नाही. विद्यार्थी तो दोन्ही बाजूंना वाटून देतो, पण 'किंवा' तसेच ठेवतो : 'उत्तर १ नाही, किंवा उत्तर २ नाही.' ही अट कधीच खोटी होऊ शकत नाही. कारण उत्तर १ असेल तर ते २ नाही, आणि २ असेल तर ते १ नाही. लूप अनंत काळ चालू राहतो. तर्कशास्त्रात डी मॉर्गनचा नियम म्हणून जे सांगितले जाते ते येथे हवे असते : नकार आत नेला की 'किंवा'चे 'आणि' होते. परंतु नियमाचे नाव घेण्यापूर्वी 'उत्तर ना १ आहे, ना २' हे मराठी वाक्य विद्यार्थ्यापुढे ठेवावे. 'ना–ना' या जोडीत 'आणि' अनुस्यूत आहे, हे कोणताही मराठी भाषक न शिकवता जाणतो.

४

नवशिक्यांच्या या अडचणींची नोंद पाश्चात्त्य संशोधकांनी चार दशकांपूर्वीच केली आहे. जेफ्री बोनार व एलियट सॉलोवे यांनी १९८५ मध्ये असे दाखवले की आज्ञावली शिकण्यापूर्वीचे पायरीपायरीने काम सांगण्याचे ज्ञान, म्हणजे नैसर्गिक भाषेतील ज्ञान, हेच नवशिक्यांच्या अनेक गैरसमजांचे उगमस्थान असते. व्हाइलची अट अखंड पाहिली जाते हा त्यांतीलच एक गैरसमज होय. पुढच्याच वर्षी रॉय पी यांनी एक निबंध प्रसिद्ध करून काही गैरसमज कोणत्याही एका आज्ञावली-भाषेशी बांधलेले नाहीत असे प्रतिपादले. आज्ञावलीच्या अनेक ओळी एकाच वेळी जागृत असतात ही समजूत त्यांत प्रमुख होती. त्यांच्या मते या सर्वांच्या मुळाशी एकच भ्रम आहे : यंत्राच्या आत आपला हेतू जाणणारे एक मन दडलेले आहे, असे नवशिक्याला वाटते.

पी यांचा विचार मार्मिक आहे. परंतु त्यांच्या शीर्षकातील 'भाषानिरपेक्ष' या शब्दाची व्याप्ती आपण नीट ओळखली पाहिजे. ती निरपेक्षता आज्ञावलीच्या भाषांपुरती आहे. पास्कल जाऊन दुसरी भाषा आली तरी गैरसमज कायम राहतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते. इंग्रजी जाऊन मराठी आली तर काय होईल, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. यंत्रात मन दडले आहे अशी समजूत होण्याचे एक कारण असे असू शकेल की, आपण यंत्राला जे शब्द वापरतो ते मनुष्याला उद्देशून वापरावयाचे आहेत. 'साखर संपेपर्यंत' असे माणसाला सांगितले तर डब्यावर लक्ष ठेवणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. आज्ञार्थ आणि कालवाचक वाक्य यांच्या संयोगातच सतत दक्षतेची अपेक्षा अध्याहृत आहे. ती अपेक्षा यंत्रावर लादणारा विद्यार्थी भ्रमात नसतो. तो भाषेचा संकेत पाळत असतो.

याहून अधिक परिणामकारक ठरला तो सॉलोवे, बोनार व केट एर्लिक यांचा १९८३ मधील अभ्यास. त्यांनी विद्यार्थ्यांना दिलेली समस्या साधी होती : पूर्णांक वाचत जावे, ९९९९९ हा अंक येताच थांबावे, आणि तो अंक वगळून उरलेल्यांची सरासरी काढावी. पास्कलमधील व्हाइलच्या साहाय्याने ही आज्ञावली अशी होते :

संख्या घे.
जोपर्यंत संख्या ९९९९९ नाही, तोपर्यंत :
    बेरजेत संख्या मिळव.
    गणती एकने वाढव.
    संख्या घे.

येथे 'संख्या घे' ही आज्ञा दोनदा लिहावी लागते : एकदा लूपच्या बाहेर, अट तपासण्याला काही तरी असावे म्हणून, आणि एकदा पोटाच्या तळाशी, पुढच्या फेरीची तरतूद म्हणून. त्यामुळे प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीत आणलेली संख्या मिळवली जाते आणि नंतर पुढची घेतली जाते. क्रम 'मिळव, मग घे' असा उलटा होतो. लोकांना मात्र 'घे, मग मिळव' हा क्रम स्वाभाविक वाटतो, आणि लूपच्या मध्यातून बाहेर पडण्याची सोय दिली असता अधिक जणांची उत्तरे बरोबर येतात, असे या संशोधकांना आढळले.

या निष्कर्षाचे महत्त्व मान्य करूनही त्यावर दोन आक्षेप घेणे प्राप्त आहे. पहिला पद्धतीचा. त्यांनी पास्कलच्या तुलनेसाठी जी सुधारलेली भाषा योजली तीत 'व्हाइल'च्या जागी 'लूप–लीव्ह–अगेन' असे शब्द होते. म्हणजे बाहेर पडण्याची जागा बदलली त्याबरोबर शब्दही बदलला, आणि अटीचा होकार–नकारही बदलला. कारण 'लीव्ह'ला थांबण्याची अट लागते. सुधारणेचे श्रेय जागेला किती, शब्दाला किती आणि नकार टळला याला किती, हे यावरून ठरवता येत नाही. दुसरा आक्षेप दृष्टीचा. 'घे, मग मिळव' या क्रमाला त्यांनी बोधात्मक धोरण म्हटले, म्हणजे भाषेच्या अलीकडची, विचाराची गोष्ट मानली. भाषेची या क्रमात काही भूमिका आहे काय, हे पाहण्यासाठी मातृभाषेला स्वतंत्र घटक म्हणून त्या अभ्यासात स्थान नव्हते.

हीच समस्या मराठी माणूस मराठीत कशी सांगेल? 'एकेक संख्या घेत जा, मिळवत जा. ९९९९९ आली की थांब.' या वाक्यात 'जोपर्यंत' नाही. पुनरावृत्तीचा भार उभयान्वयी अव्ययावर नसून 'घेत जा' या संयुक्त क्रियापदावर आहे. 'जाणे' हे साहाय्यक क्रियापद येथे गमनाचा अर्थ टाकून, क्रिया एकामागून एक चालवण्याचा अर्थ देते. 'एकेक' या द्विरुक्तीने त्याला बळकटी येते. थांबण्याची अट 'की' या शब्दाने जोडलेली आहे, आणि 'आली की' हे पद घटनेनंतर लगेच घ्यावयाच्या कृतीचे वाचक आहे. तिची जागाही सूचित आहे : संख्या येणे आणि ती मिळवणे यांच्या मध्ये. लूपच्या मध्यातून बाहेर पडण्याची जी रचना संशोधकांना प्रयोगाअंती श्रेयस्कर वाटली, ती मराठीच्या साध्या बोलण्यात सिद्ध स्वरूपात उभी आहे. जॉन पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आज्ञावली न शिकलेल्या मुलांची व प्रौढांची इंग्रजी उत्तरे तपासली, तेव्हा त्यांतही उघड लूप विरळाच आढळले. घटना घडली असता काय करावे अशा धर्तीची वाक्ये त्यांत पुष्कळ होती. तेव्हा 'आली की थांब' ही केवळ मराठीची लकब नव्हे. परंतु मराठीने तिला जे सुटसुटीत रूप दिले आहे ते शिक्षकाच्या हाती असलेले उत्तम साधन आहे.

५

यावर एक प्रतिवाद संगणकशास्त्राच्या बाजूने केला जातो. लूपच्या मध्यातून 'ब्रेक' या आज्ञेने बाहेर पडणे हे रचनाबद्ध पद्धतीच्या विरुद्ध आहे. व्हाइलला एकच प्रवेश व एकच निर्गम असला पाहिजे. म्हणून विद्यार्थ्याला ब्रेकची सवय लावू नये, असे म्हणतात. या मताचा परिणाम तात्त्विक चर्चेपुरता राहत नाही. उत्तरपत्रिकेत 'घे, ९९९९९ असल्यास ब्रेक, मिळव' असे बिनचूक उत्तर लिहिणाऱ्याचे गुण 'रचना अशुद्ध' म्हणून कापले जातात, आणि अट उलटी लिहूनही वरकरणी शुद्ध दिसणाऱ्या उत्तराला अर्धे गुण मिळून जातात. म्हणून या मताचा आधार तपासणे अवश्य आहे.

१९६६ मध्ये कोराडो बोम व जुझेप्पे याकोपिनी यांनी सिद्ध केले की क्रम, निवड व अटयुक्त पुनरावर्तन या तीन रचनांनी कोणतीही आज्ञावली मांडता येते. १९६८ मध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांचे 'गो टू' या आज्ञेविरुद्धचे सुप्रसिद्ध पत्र प्रकाशित झाले. वरील मत या दोहोंच्या पुण्याईवर उभे आहे. परंतु बोम–याकोपिनी यांचा सिद्धान्त शक्यतेचा आहे, सुबोधतेचा नाही. त्या रूपांतरात प्रसंगी जादा चल योजावे लागतात, हेही त्यासोबतच येते. डायक्स्ट्रांचा रोख अनिर्बंध उडीवर होता. ब्रेकची उडी अनिर्बंध नसते. ती लूपच्या लगेच पुढे, एकाच ठरलेल्या जागी जाते. डोनाल्ड कनूथ यांनी १९७४ मध्ये या प्रश्नाचा सविस्तर परामर्श घेताना 'साडेएन वेळा' चालणाऱ्या लूपची, म्हणजे शेवटची फेरी अर्ध्यावर सोडणाऱ्या लूपची, गरज खरी असल्याचे मान्य केले; आणि एरिक रॉबर्ट्स यांनी १९९५ मध्ये १९८३ च्या त्याच अभ्यासाचा आधार घेऊन नवशिक्यांना मध्यनिर्गम शिकवावा असे प्रतिपादले.

भाषांच्या इतिहासानेही हाच कौल दिला आहे. केर्निगन व रिची यांच्या १९७८ मधील सी भाषेच्या पुस्तकात अक्षर वाचणे आणि ते समाप्तिसूचक आहे काय हे पाहणे या दोन क्रिया व्हाइलच्या अटीतच कोंबलेल्या दिसतात. पायथनने प्रदीर्घ काळ ही सवलत नाकारली आणि अखेर २०१९ मध्ये ३.८ या आवृत्तीत ती दिली. तत्पूर्वीचा वाद इतका कडवट झाला की भाषेचे जनक गीडो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये भाषेच्या निर्णयप्रमुखपदावरून निवृत्ती पत्करली. व्हाइलच्या चौकटीत मावत नसलेली 'घे, मग पाहा' ही गरज निपुण आज्ञावलीकारांनाही इतकी जाणवत असेल, तर ती नवशिक्याच्या उत्तरात दिसताच अशुद्ध ठरवणे न्याय्य नाही.

६

एवढ्या विवेचनानंतर 'जोपर्यंत' हा शब्द वर्गातून हद्दपार करावा काय? तसे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. दोन कामे वेगळी ओळखावीत इतकेच म्हणणे आहे. अट लिहिणे हे एक काम आणि अट कशी पाळली जाते हे समजणे हे दुसरे. पहिल्या कामात 'जोपर्यंत–नाही' ही मराठी रचना मोलाची आहे. कारण ती थांबण्याच्या इच्छेचे चालू राहण्याच्या अटीत आपोआप रूपांतर करते. 'येईपर्यंत', 'संपेपर्यंत', 'मिळेपर्यंत' अशी वाक्ये देऊन त्यांचे 'जोपर्यंत–नाही'मध्ये रूपांतर करून घेण्याचा सराव आज्ञावलीच्या पहिल्या ओळीपूर्वी द्यावा. वाक्य-रूपांतर हा शालेय व्याकरणातील परिचित प्रकार आहे. विद्यार्थ्याला तो नवा नाही.

दुसऱ्या कामात मात्र 'जोपर्यंत' बाजूस ठेवावा आणि संकेतार्थी भाषा वापरावी : 'अट खरी असेल तर हे कर, आणि परत अटीपाशी ये, नसेल तर पुढे जा.' विद्यार्थी कधी कधी 'इफ लूप' असा शब्दप्रयोग करतात व तो शिक्षकांच्या थट्टेचा विषय होतो. तो चुकीचा आहे यात शंका नाही, कारण 'इफ'मध्ये परतणे नाही. परंतु 'इफ' आणि 'व्हाइल' एका कुळातील आहेत ही अस्फुट जाणीव त्यामागे असू शकते. थट्टेऐवजी 'इफमध्ये काय मिळवले असता व्हाइल होईल?' असा प्रश्न विचारला, तर 'परत येणे' हे उत्तर विद्यार्थी स्वतःच देईल.

तिसरी सूचना शब्दाविषयी. मराठी पाठ्यपुस्तकांत 'व्हाइल' हा शब्द तसाच ठेवावा व त्याचे एकशब्दी भाषांतर करू नये. नवशिक्यांसाठी रचलेल्या भाषांचा कल या बाबतीत सूचक आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्क्रॅच या भाषेत मुलांपुढे ठेवलेल्या ठोकळ्यांत 'रिपीट अन्टिल' आहे, 'व्हाइल' नाही. आणि शब्दनिवडीचे प्रयोग करून घडवलेल्या क्वोरम या भाषेत प्रत्येक लूपची सुरुवात 'रिपीट' या शब्दाने होते. दोहोंनी कालवाचक शब्दाऐवजी पुनरावृत्तिवाचक क्रियापदाला अग्रस्थान दिले. मराठीतील 'घेत जा' हेच करते.

वरील प्रतिपादन कसोटीला लावणे अवघड नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचे दोन गट करून एकाला व्हाइलचे विवरण 'जोपर्यंत–तोपर्यंत' असे व दुसऱ्याला 'असेल तर–परत' असे द्यावे, आणि दोघांपुढे १५० रुपये शिलकीची वर दिलेली आज्ञावली ठेवावी. बाहेर पडण्याची जागा व अटीचा होकार–नकार दोन्ही गटांत तेच ठेवल्यास, १९८३ च्या अभ्यासात एकत्र मिसळलेले घटक वेगळे होतील. हे काम भाषाशास्त्र व संगणकशास्त्र या दोन विभागांनी मिळून करण्याजोगे आहे, आणि पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातले आहे.

त्या प्रयोगाचा निकाल काहीही लागो, परीक्षकाला एक गोष्ट आजच करता येईल. उलटी लिहिलेली अट समोर आली असता ती तर्कदोष म्हणून खोडण्यापूर्वी प्रश्नपत्रिकेतील वाक्य पुन्हा एकदा वाचावे. त्यात 'येईपर्यंत' असे छापलेले असेल, तर विद्यार्थ्याने जे लिहिले ते कोठून आले हे तेथेच दिसेल.